दोन वाजताचा चार्ज

विश्राम मोहिते रिफायनरीतून निवृत्त झाला त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद कोणाला झाला असेल, तर तो त्याच्या बायकोला, सुहासिनीला. निरोप समारंभात साहेबांनी त्याला शाल दिली, श्रीफळ दिलं, त्याच्या शिस्तीबद्दल चार चांगले शब्द बोलले, आणि ती पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात एकच गोष्ट घोळवत होती. आता हा माणूस दुपारी एक वाजता घरी जेवेल. गरम जेवेल. आणि माझ्यासमोर बसून जेवेल.

ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं. पण ज्या घरात पाळीची नोकरी असते त्या घरालाच हे दुःख कळतं. पहिली पाळी दोनला सुटायची आणि बाजव्याच्या रिफायनरीतून बडोद्यात गोरव्याला घरी पोचेपर्यंत भात थंडगार व्हायचा. दुसरी पाळी असली की एकच्या आधीच डबा घेऊन स्वारी बाहेर. रात्रपाळी असली की दुपारभर पडदे ओढून झोप, आणि घरात कुकरची शिट्टी करायचीसुद्धा चोरी. सगळी उमर सुहासिनीने दुपारी एकटीने जेवण्यात घालवली. रेडिओ लावून जेवली, टीव्ही लावून जेवली, मुलगा लहान होता तोवर त्याला भरवत जेवली. आता मुलगा पीयूष बंगळुरात होता आणि नवरा घरात. देवाने शेवटी हिशेब चुकता केला असं तिला वाटलं.

कसचं काय! निवृत्तीला दोन महिनेही झाले नसतील, तोच पीयूषने बाबांचा वेळ जावा म्हणून एक टॅब्लेट पाठवला आणि त्यात एक खेळ घालून दिला. वेळ गेला खरा. बाबाही गेले.

खेळ जुन्या काळातल्या लढायांचा होता. मोठा नकाशा, नद्या, जंगलं, त्यात आपलं एक राज्य वसवायचं. शेतं, लोखंडाची खाण, बाजार, तटबंदी, फौज. जगभरातली माणसं आपापले संघ करून खेळतात आणि एकमेकांची राज्यं गिळतात. एका संघाच्या राज्याची सूत्रं एका वेळी एकाच माणसाच्या हातात राहतात. आणि मुख्य म्हणजे हा खेळ थांबत नाही. तुम्ही झोपा, जेवा, लग्नाला जा, तिकडे पीक वाढतच राहतं आणि शत्रू चालतच राहतो.

इतर कोणी हे ऐकून घाबरलं असतं. विश्रामचे डोळे चमकले. त्याने रिफायनरीतल्या तीन जुन्या सोबत्यांना फोन केले. जयवंतराव घोरपडे आगीच्या बंबाचा माणूस, म्हणजे सेफ्टी खात्यातला. जिथे तिथे धोका दिसायचा. हसमुखभाई पटेलांनी जन्मभर टाक्या भरण्या-उपसण्याचं काम केलेलं. मराठ्यांच्या संगतीत मराठी छान बोलायचे, फक्त मधूनमधून गुजराती शिंपडायचे. आणि फत्तेसिंहराव शिर्के. त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते, म्हणून घोड्यांविषयीचा शेवटचा शब्द आपला, असं ते जन्मापासून धरून चालले होते. स्वतः त्यांना स्कूटरखेरीज कशावर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

चौघांनी एका संध्याकाळी पाळ्या लावल्या. पहिली, दुसरी, रात्रपाळी, आणि चौथ्याची साप्ताहिक सुट्टी. संघाचं नाव 'बाजवा' ठेवलं. राज्याला राज्य म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. ते आपोआपच 'प्लांट' झालं.

आणि मानायला पाहिजे, राज्य चाललं ते झकास. बाकीच्या संघांतली पोरं रात्री झोपायची आणि सकाळी उठून बघायची तर गाव जळालेलं. बाजव्याला झोप माहीतच नव्हती. विश्रामने धान्याची कोठारं एकमेकांपासून दूर दूर बांधली आणि प्रत्येकाभोवती मातीचा बांध घातला, जसे तेलाच्या टाक्यांभोवती घालतात. लोक हसले. मग एकदा कोणी पेटते बाण टाकले तेव्हा एकच कोठार जळालं, बाकीची तशीच उभी राहिली, आणि हसणारे गप्प झाले. हसमुखभाईंनी फौज कधी फुगू दिली नाही. "घोडो डबल खाय छे," ते फत्तेसिंहरावांना बजावायचे, "आधी चारा दाखवा, मग घोडा मागा." फत्तेसिंहराव रुसायचे, पण पोटावर चालणारी फौज पोटभर जेवलेली असायची.

जेवत नव्हती ती फक्त सुहासिनीच्या घरची माणसं.

कारण दोन वाजता चार्ज असायचा. प्लांटमध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळी परिस्थिती तोंडी समजावून देतो, त्याला चार्ज देणं म्हणतात. हे चौघे तो फोनवरून द्यायचे. कोणत्या कोठारात किती धान्य, तट कुठे खचलाय, हेरांनी काय पाहिलं, सगळं. अर्धा तास सहज लागायचा, आणि त्याच्या आधी तासभर दोन्हीकडे तयारी. त्यामुळे विश्रामची पहिली पाळी असो की दुसरी, एक ते अडीच तो माणसांत नसायचा. ताट झाकून ठेवलेलं असायचं, आणि तो तिसऱ्या प्रहरी येऊन थंड आमटी भुरकताना म्हणायचा, "छान झालीय गं."

सुहासिनीला खेळाचा राग नव्हता. तिला भीती वाटायला लागली होती. तिची साठी जवळ आली होती. एवढी वर्षं तिने वाट पाहिली ती पुढे काहीतरी आहे म्हणून. आता जर हेच पुढचं असेल, तर वाट बघायला आणखी काही उरलं नाही. हे तिने कोणालाही सांगितलं नाही.

मग तिने एक केलं. तो येत नाही तर आपण जाऊ, म्हणून तुरीच्या शेंगा घेऊन त्याच्या शेजारी सोलायला बसायला लागली. आधी नुसती बघायची. मग प्रश्न विचारायला लागली.

"अहो, हे नदीपाशी काय आहे?"

"उतार. पाणी उथळ आहे, तिथूनच धान्याच्या गाड्या पलीकडे जातात."

"आणि फौज पुढे जाते तेव्हा गाड्या कुठे असतात?"

"मागे. बैल हळू चालतात."

"म्हणजे फौज आधी पोचते आणि जेवण मागून येतं," सुहासिनी म्हणाली. "आपल्यासारखंच." विश्रामला टोमणा कळला नाही. तो तटाची डागडुजी करत होता.

महिनाभरात तिला खेळ बऱ्यापैकी समजला. आणि त्याच सुमारास बाजव्याचे ग्रह फिरले. 'काळा ससाणा' नावाचा एक संघ मागे लागला. माणसं कुठली, कोणाला माहीत नाही; जयवंतराव ठामपणे पोलंडची म्हणायचे, का ते त्यांनाही सांगता येत नसे. त्या ससाण्याने आधी उतारावरचा टेहळणीचा बुरूज घेतला. मग लोखंडाची खाण. मग दक्षिणेचा किल्ला, भरल्या कोठारांसकट. उरला तो मुख्य किल्ला आणि उत्तरेची थोडी गावं. मुख्य किल्ला पडला की संघ बरखास्त, असा खेळाचा कायदा होता. आणि ससाण्याचा तळ आता किल्ल्याबाहेरच्या जंगलात येऊन बसला होता, तटापासून पाव तासाच्या दौडीवर.

रविवारी संध्याकाळी चौघे मोहित्यांकडे जमले. सुहासिनीने सेव-उसळ केली होती, तिखट, वर तर्री तरंगणारी. दुसरा कुठला प्रसंग असता तर फत्तेसिंहरावांनी तीनदा मागून घेतली असती. आज त्यांनी पाव हातात धरून ठेवला होता आणि भांडत होते.

"खाण तुमच्या पाळीत गेली, जयवंतराव!"

"माझ्या कशी? मी दुपारचा चार्ज देत होतो विश्रामला. म्हणजे ती विश्रामच्या पाळीत गेली."

"मी चार्ज घेतला कुठे होता?" विश्राम म्हणाला. "पूर्ण घेतल्याशिवाय जबाबदारी माझी नाही. आणि बुरूज गेला तेव्हा, दक्षिणेचा किल्ला पडला तेव्हा, मी दुपारी हसमुखभाईंना देत होतो."

"हूं तो सांभळतो हतो," हसमुखभाई म्हणाले. "मी फक्त ऐकत होतो. ऐकणाऱ्याचा काय वांक, काय गुन्हा?"

सुहासिनी चहाचे कप घेऊन आली आणि ट्रे हातातच धरून उभी राहिली. "म्हणजे तिन्ही वेळा हल्ला दोन वाजताच झाला," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"योगायोग असेल," जयवंतराव म्हणाले.

"आणि त्या अर्ध्या तासात तुमच्यापैकी कोणीच दरवाजे का लावले नाहीत? तेलाच्या कढया का ओतल्या नाहीत?"

उत्तर चौघांनी एकदम दिलं, शाळेत पाढा म्हणावा तसं. "चार्ज चालू असताना व्हॉल्व्हला हात लावायचा नाही."

रिफायनरीत हा नियम सोन्यासारखा होता. एकजण माहिती सांगतोय आणि दुसऱ्याने मध्येच काही फिरवलं, तर सांगितलेलं खोटं पडतं आणि अपघात होतो. म्हणून त्या वेळात कोणी कशाला हात लावत नाही. त्यांच्यातल्या एकालाही कधी प्रश्न पडला नव्हता की इथे व्हॉल्व्ह कुठे आहे.

सुहासिनीने ट्रे खाली ठेवला. "पीयूषने शाळेत पडून हात मोडून घेतला होता, आठवतं? मी तुम्हाला फोन केला होता. दोन वाजले होते. कोणीतरी अगदी नीट, गोड आवाजात म्हणालं, वहिनी, चार्ज चाललाय, झाला की लगेच सांगतो. आणि सांगितलंही त्याने. तुम्हीही धावत आलात. कोणाची काहीच चूक नव्हती. पण त्या दिवशी मला एक कळलं. दोन ते अडीच या वेळात मला नवरा नसतो. मग मी त्या वेळात कधी आजारी पडले नाही, कधी फोन केला नाही, गॅस संपला तरी अडीचपर्यंत थांबले." तिने ट्रेमधला एक कप विश्रामपुढे सरकवला. "तटाबाहेरून बघणाऱ्याला हे पटकन कळतं हो. तुमच्या त्या पोलंडवाल्यांनाही कळलंय."

विश्राम खाली बघत होता. हसमुखभाईंनी कपाळावर हात मारला. "भाभी, एकदम साचू. एकदम."

मग काय करायचं यावर काथ्याकूट सुरू झाला. चार्जची वेळ बदलावी असं कोणीतरी म्हणालं. पण शत्रूला चार दिवसांत तीही कळली असती, आणि पाळी दोनला बदलत नाही तर कधी बदलते, हे कोणाच्याच डोक्यात बसेना. एक दिवस चार्जच देऊ नये असं हसमुखभाईंनी सुचवलं, तेव्हा बाकी तिघांनी असं तोंड केलं की जणू चपला घालून गाभाऱ्यात जायला सांगितलंय.

"वेळ बदलू नका," सुहासिनी म्हणाली. "त्यांना दोन वाजता येऊ दे. घर रिकामं आहे असं वाटू दे. फक्त घर रिकामं नको." आणि तिने सेव-उसळीच्या वाट्या मांडून आपलं म्हणणं समजावलं. मुख्य किल्ल्याला दोन तट होते. बाहेरच्या तटाचा दरवाजा उघडाच ठेवायचा. बाहेरच्या कोठारांतलं धान्य आधीच आतल्या तटात न्यायचं. घोडदळ उत्तरेच्या डोंगराला लांबचा वळसा घालून नदीच्या उताराजवळ दडवायचं. शत्रूची फौज जंगलातून सुटली की तिच्या मागोमाग धान्याच्या गाड्या नदी ओलांडायला निघणार. "मोठी फौज आहे त्यांची. जेवायला खूप लागणार. आपण फौजेच्या अंगावर जायचंच नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं."

फत्तेसिंहरावांना घोड्यांनी बैलगाड्यांवर चाल करून जाणं हे घराण्याला शोभेसं वाटलं नाही. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवून मान्यता दिली.

अडचण वेगळीच निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तालीम केली. दोन वाजता फोन वाजला, जयवंतराव चार्ज द्यायला लागले, आणि विश्रामने चार्ज चालू असतानाच दरवाजा लावून बघायचा होता. त्याचं बोट काचेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. जोर करूनही पुढे जाईना. जयवंतरावांचं आणि फत्तेसिंहरावांचंही तेच. हसमुखभाईंनी कसाबसा एक दरवाजा लावला आणि मग, हातून पाप घडल्यासारखं, लगेच उघडला.

"मी बसते," सुहासिनी म्हणाली.

"तू?"

"मी कधी पाळी केली नाही. मला काही होणार नाही." मग तिने विश्रामकडे सरळ पाहिलं. "पण माझी एक अट आहे. किल्ला वाचला, तर त्या दिवसापासून आपण दोघं दुपारी एकत्र जेवायचं. टॅब्लेट बंद, फोन बंद. पाळी कोणाचीही असू दे."

"हो, हो," विश्राम म्हणाला. तो तिच्या खांद्यावरून नकाशा बघत होता. असलं हो-हो तिने संसारात पोत्याने ऐकलं होतं. तरी तिने ते घेतलं. पदरात दुसरं काही पडत नव्हतं.

बुधवारी सकाळीच घोडदळ निघालं. धान्य आत गेलं. एक वाजता सुहासिनीने वरण-भात, मेथीची भाजी, पोळ्या, सगळं करून ओट्यावर झाकून ठेवलं आणि ती टॅब्लेट घेऊन डायनिंग टेबलाशी बसली. विश्राम शेजारी. बाकीचे तिघे फोनवर, स्पीकर चालू. दोनला पाच कमी असताना तिने सगळ्या हालचाली बंद केल्या. राज्य चिडीचूप झालं.

दोन वाजले. काही झालं नाही. फोनवर जयवंतरावांनी सवयीने विश्रामला चार्ज द्यायला सुरुवात केली.

मग जंगलाच्या कडेने काळे ठिपके सुटले. एक, मग दाट, मग सगळी कडच काळी. चित्रातली माणसं, चित्रातला किल्ला, पण सुहासिनीने पदर मात्र खरोखरीचा खोचला.

"दरवाजा लावा!" जयवंतराव ओरडले.

"नाही," ती म्हणाली.

फौज उघड्या दरवाजातून बाहेरच्या वस्तीत शिरली. विश्रामने बांधलेली घरं, विहिरी, त्याचा लाडका बाजार. छपरांवर धूर दिसायला लागला. विश्रामने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि तोंडाने नुसतं "अरे, अरे" चालू होतं. सुहासिनीला त्याची दया आली. त्या बाजारावर त्याने किती सकाळी घालवल्या होत्या, हे तिच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, सोडा घोडे! सोडा!" फत्तेसिंहराव.

"भावजी, थांबा."

"मागून धरू त्यांना! दरवाजातच कापून काढू!"

"थांबा म्हटलं ना."

नदीपलीकडे गाड्या दिसायला लागल्या. लांबलचक रांग. पहिली पाण्यात उतरली, दुसरी, मग एकामागून एक. सुहासिनी थांबली. निम्मी रांग पाण्यात आणि निम्मी काठावर अशी वेळ येईपर्यंत तिने बोट उचललं नाही. आणि मग उचललं.

घोडे झाडीतून बाहेर पडले. पुढचं फार पटकन झालं. बैल पाण्यात अडकलेले, राखण तुटपुंजी. गाड्या पेटत गेल्या. फत्तेसिंहराव फोनवर अशी काही आरोळी ठोकून गेले की त्यांच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. बैलगाड्यांवरची चढाई आता घराण्याला चांगली शोभत होती. सुहासिनीने नकाशा किल्ल्यावर आणला आणि शत्रूच्या पाठीमागे बाहेरच्या तटाचा दरवाजा लावून टाकला. आतला तर आधीपासून बंदच होता.

आता सगळी काळी फौज दोन तटांच्या मधल्या वस्तीत कोंडली होती. कोठारं उघडून बघत होती आणि कोठारं रिकामी होती.

"जबरुं!" हसमुखभाई म्हणाले. "भाभी, जबरुं! खायला काही नाही, बाहेर पडता येत नाही. हवे शूं करशे?"

"आता भूक करेल काय ते," जयवंतराव म्हणाले. "पण वहिनी, जागचं हलायचं नाही हं. संध्याकाळपर्यंत डोळ्यात तेल घालून बसायचं. त्यांनी दरवाजा फोडायला सुरुवात केली की लगेच वरून तेल ओतायला कोणीतरी पाहिजे. तुम्हीच बसा. तुमचा हात चांगला आहे."

सुहासिनी बसली. शत्रू आतल्या दरवाजाला धडका देत होता. तिने तिरंदाज हलवले. तो डावीकडे सरकला, तिने तेल डावीकडे नेलं. काळ्या फौजेचा आकडा हळूहळू उतरायला लागला होता. तिची कानशिलं गरम झाली होती. जन्मात कोणी तिला 'तुमचा हात चांगला आहे' म्हटलं नव्हतं, म्हटलं तर पुरणपोळीच्या वेळी. मजा येत होती. खोटं कशाला बोला, फार मजा येत होती.

शेजारची खुर्ची कधी सरकली ते तिला कळलं नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तोही तिच्या कानावरून गेला. मग विश्रामचा आवाज आला. "सुहास, चल. जेवायला वाढलंय."

"तुम्ही सुरू करा," ती नकाशावरून नजर न काढता म्हणाली. "मी आलेच."

आणि तिच्याच तोंडचे शब्द तिच्या कानावर पडले.

तिने मान वर केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विश्रामने दोन ताटं मांडली होती. वरण गरम केलं होतं. वाफ निघत होती. भात जरा जास्तच घातला होता, त्याला अंदाज नव्हता. लिंबाची फोड वरणात पडली होती. आणि तो आपल्या ताटासमोर बसला होता, हात धुवून. ती उठत नाही हे पाहून त्याने तिच्या ताटावर एक ताट उपडं घातलं, वाफ जाऊ नये म्हणून, आणि मग आपल्या ताटाला हात न लावता तो नुसता बसून राहिला. वाट बघणाऱ्याची ही खुर्ची त्याची कधी नव्हतीच.

सुहासिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिंकण्याचं नव्हतं ते. तिला एकदम दोन्ही बाजू दिसल्या. इकडे बसलेलं माणूस काही वाईट नसतं, त्याला नुसतं दिसत नसतं. आणि तिकडे बसलेल्याचं काय होतं ते तर तिला पाठच होतं.

"वहिनी, डावीकडे! तेल डावीकडे!" जयवंतराव ओरडले.

"जयवंतराव, मी जेवायला चाललेय," सुहासिनी म्हणाली.

"आत्ता? मग चार्ज कोणाला देताय?"

"कोणालाच नाही."

"भाभी, चार्ज दिधा वगर?" हसमुखभाईंचा आवाज चिरकला. "असं कसं उठता येईल?"

"येतं. बघा," ती म्हणाली, आणि तिने फोन कट केला. टॅब्लेट उचलला आणि पलीकडच्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवला. दार ओढून घेतलं. परत येऊन विश्रामच्या समोर बसली आणि आपल्या ताटावरचं ताट काढलं.

विश्रामने बंद दाराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चाललेली ओढाताण तिला स्पष्ट दिसत होती. तो अर्धा उठलाही. "किल्ला पडला तर?" त्याने विचारलं.

"पडला तर पडला. तुम्ही पुन्हा बांधाल. तुम्हाला बांधता येतं."

तो परत खाली बसला. मग भातावर वरण ओतत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी आत्ता दहाच मिनिटं बसलो असेन इथे. भूक लागली होती, पण जेवावंसं वाटेना." आणि जरा थांबून, "तुला रोज असंच व्हायचं?"

"आधी व्हायचं," सुहासिनी म्हणाली. "मग जेवायची सवय झाली."

विश्रामने मान हलवली. त्याने पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबला.

"ही मेथी गरम असताना अशी लागते होय?" तो म्हणाला.

आतल्या खोलीत टॅब्लेट टुणटुण वाजायला लागला. मग इकडे त्याचा फोन वाजला, मग तिचा. दोघांनी ऐकलं. विश्राम उठला. सुहासिनीचा हात पोळीवर तसाच राहिला. तो ओट्यापाशी गेला, तिथलं वरणाचं पातेलं घेऊन आला, आणि तिला विचारलं, "आणखी वाढू?"